वाचकांचे प्रश्न : बांगलादेशाचा समुद्र आणि त्याची राखण

गेल्या अंकात बंगालच्या उपसागरातील सागरी सीमांविषयी लेख प्रसिद्ध झाला. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बांगलादेशाचे सागरी धोरण आणि नील अर्थव्यवस्था, म्हणजे समुद्राच्या आधारे चालणारे उद्योग आणि व्यवसाय, यांविषयीचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. एकाच आशयाचे प्रश्न जोडून घेतले आहेत.

प्रश्न : बांगलादेशाने म्यानमार आणि भारत या दोन्ही शेजाऱ्यांविरुद्ध आंतरराष्ट्रीय न्यायपीठांकडे दाद मागितली आणि दोन्ही खटले जिंकले, असे वाचनात येते. हा प्रश्न वाटाघाटींनी का सुटला नाही आणि ‘जिंकले’ म्हणजे नेमके काय मिळाले?

उत्तर : नकाशा समोर ठेवला की तंट्याचे मूळ चटकन लक्षात येते. पश्चिमेला भारत आणि पूर्वेला म्यानमार यांच्यामध्ये बांगलादेशाचा किनारा आत वळलेला आहे. दोन शेजाऱ्यांच्या किनाऱ्यांपासून सारख्या अंतरावर बिंदू घेत सीमा आखण्याची समदूर रेषेची पद्धत अशा ठिकाणी वापरली, तर दोन्ही बाजूंच्या रेषा पुढे जाऊन एकमेकींना मिळतात आणि मधल्या देशाचा समुद्र दोनशे सागरी मैलांपर्यंत पोहोचण्याआधीच संपतो. उत्तर समुद्रात जर्मनीवर हीच वेळ आली होती आणि १९६९ साली आंतरराष्ट्रीय न्यायालयाने तिथे समदूर रेषा बंधनकारक मानली नव्हती. भारत आणि म्यानमार यांना ही रेषा सोयीची होती, बांगलादेशाला परवडणारी नव्हती, आणि म्हणून १९७४ पासून मधूनमधून चालू राहिलेल्या वाटाघाटी साडेतीन दशकांत कोठेच पोहोचल्या नाहीत.

नोव्हेंबर २००८ मध्ये बांगलादेशाच्या सेंट मार्टिन बेटाच्या दक्षिणेकडील वादग्रस्त पाण्यात म्यानमारच्या परवान्यावर दक्षिण कोरियाच्या दाएवू कंपनीने शोधकाम सुरू केले, तेव्हा दोन्ही देशांच्या युद्धनौका समोरासमोर आल्या. त्यानंतर वर्षभरातच, ८ ऑक्टोबर २००९ रोजी, बांगलादेशाने दोन्ही शेजाऱ्यांविरुद्ध लवादाची कार्यवाही सुरू केली. त्यांपैकी म्यानमारचे प्रकरण पुढे हॅम्बुर्ग येथील आंतरराष्ट्रीय सागरी कायदा न्यायाधिकरणाकडे गेले आणि १४ मार्च २०१२ रोजी त्याचा निकाल लागला; या न्यायाधिकरणाने दिलेला हा सागरी सीमानिश्चितीचा पहिलाच निकाल होता. भारताबरोबरच्या तंट्याचा निवाडा ७ जुलै २०१४ रोजी द हेग येथील लवादाने दिला. त्यात २५,६०२ चौरस किलोमीटर वादग्रस्त क्षेत्रापैकी १९,४६७ चौरस किलोमीटर बांगलादेशाच्या वाट्याला आले आणि भारताने तो निकाल मान्य केला.

‘जिंकले’ हा शब्द मात्र जपून वापरावा. म्यानमारच्या खटल्यात विचारात घेतलेल्या एकूण क्षेत्रापैकी सुमारे १,११,६०० चौरस किलोमीटर बांगलादेशाकडे आणि सुमारे १,७१,८०० चौरस किलोमीटर म्यानमारकडे गेले. सेंट मार्टिन बेटाला बारा सागरी मैलांचा प्रादेशिक समुद्र मिळाला, पण त्यापलीकडची सीमा आखताना त्या बेटाचा विचार झाला नाही. दक्षिण तालपट्टी म्हणजेच न्यू मूर हे वर्षानुवर्षे वादात असलेले बेट तोवर पाण्याखाली गेले होते आणि त्याची जागा भारताच्या बाजूला राहिली. माझ्या मते बांगलादेशाला मिळालेली सर्वांत मोलाची गोष्ट चौरस किलोमीटरांत मोजता येणार नाही. सीमा निश्चित झाली, त्यामुळे कोणत्या पाण्यात आपण परवाना देऊ शकतो, कोणाला अडवू शकतो आणि कशाचे रक्षण करण्यास बांधील आहोत, हे पहिल्यांदाच त्या देशाला खात्रीने सांगता येऊ लागले. तीन देशांनी बळाचा वापर न करता हे साध्य केले, ही गोष्टही आजच्या जगात लहान नाही.

प्रश्न : आता बांगलादेशाकडे जमिनीच्या जवळजवळ तेवढाच समुद्र आहे, असे म्हणतात. मग त्या समुद्रावर त्याची जमिनीसारखीच मालकी आहे का?

उत्तर : नाही. १,१८,८१३ चौरस किलोमीटर हा आकडा सर्वत्र दिला जातो आणि देशाची जमीन सुमारे १,४७,५७० चौरस किलोमीटर आहे, म्हणून ही तुलना होते. परंतु सार्वभौमत्व आहे ते बारा सागरी मैलांपर्यंतच्या प्रादेशिक समुद्रावर. त्यापुढे दोनशे मैलांपर्यंतच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात मासे, खनिजे, वारा, लाटा यांपासून लाभ घेण्याचा हक्क आहे, पण परकी जहाजांना तिथून जाण्यापासून रोखता येत नाही. त्याही पलीकडे समुद्रबूड जमिनीवरचे, म्हणजे केवळ तळाशी असलेल्या संपत्तीवरचे, हक्क येतात. त्यांच्या बाह्य सीमेसाठी बांगलादेशाने संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाकडे २०११ मध्ये दावा दाखल केला आणि २०२० मध्ये तो सुधारून दिला. दोन्ही निकालांमुळे काही पट्टे असे तयार झाले आहेत, की जिथे तळ बांगलादेशाचा आहे आणि वरचे पाणी शेजाऱ्याचे आहे. तिथे एखादी विहीर खोदायची असेल किंवा तळाशी ओढले जाणारे जाळे टाकायचे असेल, तर दोघांना एकमेकांशी बोलावेच लागेल.

प्रश्न : म्यानमारला याच उपसागरात मोठा वायुसाठा मिळाला. निकालानंतर दहा वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी बांगलादेशाला काहीच का मिळत नाही?

उत्तर : शोध घेतल्याशिवाय काही मिळत नाही आणि शोध पुरेसा झालेला नाही. म्यानमारच्या राखाइन किनाऱ्यासमोरचे श्वे वायुक्षेत्र २००४ मध्ये सापडले आणि २०१३ पासून तेथील वायू नळाने चीनला जाऊ लागला. बांगलादेशाच्या समुद्रात आजवर एकच क्षेत्र प्रत्यक्ष उत्पादनात आले. ते म्हणजे चट्टोग्रामजवळचे (पूर्वीचे चितगाव) सांगू. १९९६ मध्ये सापडलेल्या या क्षेत्रातून १९९८ पासून वायू मिळाला आणि २०१३ मध्ये ते आटल्याने बंद झाले. दोन सागरी खटले सुरू होते त्या काळात आणि त्यानंतरही परकी कंपन्या आल्या, पण टिकल्या नाहीत. अमेरिकेच्या कोनोकोफिलिप्सने २०११ मध्ये खोल पाण्यातील दोन गट, म्हणजे शोधासाठी आखून दिलेली क्षेत्रे, घेतले आणि वायूची ठरलेली किंमत परवडत नाही या कारणाने ते सोडून दिले. खोल समुद्रातील एक विहीर खोदण्यास लागणारा पैसा इतका मोठा असतो, की विक्रीची किंमत आधीच खाली बांधून ठेवली तर कोणतीही कंपनी ती जोखीम घेत नाही.

याहूनही गंभीर बाब माहितीची आहे. समुद्रतळाखाली खडकांचे थर कसे आहेत हे ध्वनिलहरी पाठवून तपासावे लागते, आणि असे व्यापक सर्वेक्षण निविदांच्या फेऱ्यांत कित्येक वर्षे रखडले. माहितीच्या अभावी देशाला स्वतःच्या मालाचे मोल ठाऊक नव्हते आणि घेणाऱ्यालाही नव्हते. कंपन्यांसाठीच्या २०२३ च्या नमुना करारात वायूची किंमत ब्रेंट या जागतिक बाजारात प्रमाण मानल्या जाणाऱ्या तेलाच्या भावाशी जोडून अटी सैल केल्या गेल्या आणि मार्च २०२४ मध्ये उथळ व खोल पाण्यातील मिळून २४ गटांसाठी निविदा मागविल्या गेल्या, परंतु मुदत संपेपर्यंत एकही प्रस्ताव आला नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झालेले सत्तांतर आणि त्यानंतरची अनिश्चितता हेही त्यामागचे एक कारण असणार. दरम्यान २०१८ पासून महेशखाली बेटाजवळ तरंगते टर्मिनल बसवून द्रवरूप वायू आयात करावा लागतो आहे आणि जागतिक बाजारात भाव चढले की त्याचा भार थेट देशाच्या परकी चलनावर पडतो.

बांगलादेशाच्या समुद्रतळाशी वायू आहेच, असे गृहीत धरून धोरण आखणे मला धोक्याचे वाटते. शोध जरूर व्हावा, त्यासाठी राजकीय चढउतारांपासून अलिप्त असे तज्ज्ञ मंडळ असावे आणि सर्वेक्षणाची माहिती सरकारच्या हाती राहावी. परंतु नील अर्थव्यवस्थेची सारी आशा ज्याचा अजून पत्ता नाही अशा साठ्यावर टांगून ठेवली, की जे डोळ्यांसमोर पोहते आहे त्याकडे दुर्लक्ष होते.

प्रश्न : बांगलादेश मासळीच्या उत्पादनात जगात पुढे आहे. मग समुद्रातील मासेमारी आणखी वाढवून किनाऱ्यावरच्या गरीब कुटुंबांचे उत्पन्न वाढविता येणार नाही का? आणि दरवर्षीच्या मासेमारी बंदीचा खरोखर उपयोग होतो का?

उत्तर : या देशाच्या मासळीपैकी फार मोठा भाग तळी, नद्या आणि पाणथळ शेते यांतून येतो. एकूण उत्पादनात समुद्राचा वाटा सुमारे एक सप्तमांश आहे, आणि हा वाटा पाहून ‘समुद्रात अजून पुष्कळ शिल्लक आहे’ असा निष्कर्ष अनेक अहवालांत काढलेला दिसतो. तो घाईचा आहे. किनाऱ्यापासून चाळीस मीटर खोलीपर्यंतचा पट्टा लहान नौकांसाठी राखून ठेवलेला असून औद्योगिक ट्रॉलरांनी त्यापलीकडे मासेमारी करावी, असा नियम आहे. पण मासळीची वाढ होते ती मुख्यतः याच उथळ पट्ट्यात. तिथे हजारो लाकडी यांत्रिक नौकांची गर्दी आहे आणि सुमारे अडीचशे परवानाधारक ट्रॉलरांपैकी काही आत घुसतात, अशी मच्छीमारांची जुनी तक्रार आहे. दुसरीकडे दोनशे मीटरांहून खोल पाण्यात टुना किंवा तत्सम मासे धरणारा ताफा देशाकडे जवळजवळ नाही. म्हणजे उथळ पाण्यावर भार फार आणि खोल पाण्याची माहितीच नाही, अशी ही स्थिती आहे.

साठा किती आहे हे मोजल्याशिवाय किती धरायचे हे ठरविता येत नाही. बांगलादेशात या मोजणीत दीर्घकाळ खंड पडला होता. २०१६ मध्ये ‘मीन संधानी’ हे संशोधन जहाज कामाला लागले आणि २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या कार्यक्रमातील नॉर्वेचे ‘डॉ. फ्रिट्योफ नान्सेन’ हे जहाज पाहणीसाठी आले, तेव्हा कोठे सलग नोंदींना आरंभ झाला. १९८३ च्या अध्यादेशाची जागा २०२० च्या सागरी मत्स्यव्यवसाय कायद्याने घेतली, हेही योग्य झाले. आता या नोंदींवरून ट्रॉलरांचे परवाने कमी करण्याचा अप्रिय निर्णय घेण्याचे धैर्य दाखवावे लागेल.

बंदीचा उपयोग होतो का, याचे उत्तर हिलसा माशाच्या उदाहरणावरून देता येते. बंगाली माणूस ज्याला इलिश म्हणतो तो हा मासा समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी नदीत वर चढतो. १९७५ मध्ये गंगेवर फराक्का धरण झाल्यावर त्याची वरच्या भागातील वाट अडली. पुढे पिलांची बेसुमार पकड झाली आणि २००२-०३ च्या सुमारास देशातील हिलसाचे उत्पादन दोन लाख टनांच्या आत आले. त्यानंतर सरकारने पंचवीस सेंटिमीटरांपेक्षा लहान हिलसा, ज्याला ‘जाटका’ म्हणतात, तो नोव्हेंबर ते जून धरण्यास मनाई केली, नद्यांमध्ये अभयक्षेत्रे जाहीर केली आणि ऑक्टोबरच्या आसपास बावीस दिवस हिलसा धरणे, नेणे आणि विकणे पूर्ण बंद ठेवण्याची पद्धत बसविली. २०१७-१८ पर्यंत उत्पादन पाच लाख टनांच्या पुढे गेले. त्यामागे इतरही कारणे आहेत आणि अलीकडे हे उत्पादन पुन्हा घसरते आहे, तरीही जगातील कोणत्याही विकसनशील देशाने अभ्यासावा असा हा अनुभव आहे, असे मी निःसंकोचपणे म्हणेन.

समुद्रातील बंदी हा थोडा वेगळा विषय आहे. २०१५ पासून ट्रॉलरांना आणि २०१९ पासून सर्वच नौकांना २० मे ते २३ जुलै असे ६५ दिवस मासेमारी बंद होती. भारताच्या पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिल ते १४ जून अशी असल्यामुळे जूनच्या मध्यानंतर बांगलादेशी नौका किनाऱ्याला बांधलेल्या असत आणि त्याच पाण्याजवळ भारतीय ट्रॉलर फिरत असत. आपण उपाशी राहून दुसऱ्यासाठी मासे राखतो, ही तेथील मच्छीमारांची भावना त्यामुळे रास्त होती. २०२५ पासून बांगलादेशाने आपली बंदी १५ एप्रिल ते ११ जून अशी ५८ दिवसांची करून भारताच्या काळाशी जुळवून घेतली. मासा सीमारेषा ओळखत नाही, म्हणून पुढची पायरी साठ्याची मोजणीही एकत्र करण्याची असावी.

राहिला प्रश्न गरीब कुटुंबांच्या उत्पन्नाचा, आणि तो मला सर्वांत जवळचा वाटतो. बावीस दिवसांच्या बंदीत नोंदणीकृत कुटुंबाला पंचवीस किलो तांदूळ मिळतो. तांदळाने पोट भरते, पण घरातले तेल, औषध, शाळेचा खर्च आणि विशेषतः कर्जाचा हप्ता त्यातून भागत नाही. तेथील बहुसंख्य मच्छीमार ‘दादन’ या पद्धतीत अडकलेले आहेत. नौकेसाठी, जाळ्यांसाठी, डिझेलसाठी आडत्या किंवा महाजन आगाऊ पैसे देतो, आणि त्या बदल्यात सारी मासळी त्यालाच, त्याने सांगितलेल्या भावाने आणि वर कमिशन देऊन विकावी लागते. अशा माणसाने पकड दुप्पट केली तरी वाढलेले पैसे त्याच्या हाती येत नाहीत. म्हणून उत्पन्न वाढवायचे असेल तर आरंभ जाळ्यापासून न करता कर्जापासून करावा : मासेमारीच्या हंगामाप्रमाणे फेड असलेले बँककर्ज, किनाऱ्यावर बर्फ आणि शीतगृह, आणि बंदीच्या काळात धान्याबरोबर काही रोख रक्कम. समुद्रात मरण पावलेल्या मच्छीमाराच्या विम्याची रक्कम घरी पोहोचणे हेही नील अर्थव्यवस्थेचेच काम आहे.

प्रश्न : कोळंबीच्या निर्यातीचे पूर्वी फार कौतुक होते. आता ते का ऐकू येत नाही?

उत्तर : खुलना, सातखीरा आणि बागेरहाट या नैर्ऋत्येकडील जिल्ह्यांत भातखाचरांत खारे पाणी घेऊन ‘बागदा’ कोळंबीची पैदास केली गेली. त्यातून परकी चलन आले, पण जमिनीत मीठ मुरले, गोड्या पाण्याची टंचाई झाली आणि लहान शेतकऱ्यांच्या जमिनी मोठ्या तलावधारकांकडे गेल्या. पुढे जगाची बाजारपेठ व्हेनामी या स्वस्त जातीकडे वळली आणि बांगलादेशाने तिच्या व्यावसायिक पैदाशीला परवानगी दिली ती २०२३ मध्ये, म्हणजे शेजारी देशांच्या बऱ्याच नंतर. निर्यात वाढविण्यापूर्वी कोणत्या गावात खारे पाणी घ्यायचे आणि कोणत्या गावात नाही, हे ग्रामस्थांच्या संमतीने ठरविणे मला अधिक आवश्यक वाटते.

प्रश्न : एवढा किनारा असूनही बांगलादेशाला खोल पाण्याचे बंदर का बांधता आले नाही? मातारबारी, पायरा, सोनादिया अशी नावे ऐकू येतात. त्यांत फरक काय?

उत्तर : गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना मिळून दरवर्षी सुमारे शंभर कोटी टन गाळ उपसागरात आणून टाकतात. ज्या गाळाने हा देश घडविला तोच गाळ त्याची बंदरे उथळ ठेवतो. देशाच्या सागरी व्यापारापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक व्यापार चट्टोग्राम बंदरातून होतो आणि ते बंदर कर्णफुली नदीच्या मुखात आहे. जहाजांना भरतीची वेळ पाहून आत यावे लागते. २०२३ पासून दहा मीटर बुडी (जहाजाचा पाण्याखाली राहणारा भाग) असलेल्या आणि दोनशे मीटर लांबीच्या जहाजांना परवानगी मिळाली, आधीची मर्यादा त्याहून कमी होती. परिणामी मोठी कंटेनर जहाजे कोलंबो, सिंगापूर किंवा मलेशियातील पोर्ट क्लांगपर्यंत येतात, तिथे माल लहान जहाजांत चढवला जातो आणि मग तो चट्टोग्रामला पोहोचतो. तयार कपड्यांवर जगणाऱ्या देशाच्या प्रत्येक खोक्यावर हा वाढीव खर्च आणि वेळ बसतो.

सोनादिया बेटावरचे बंदर चीनच्या साहाय्याने बांधण्याचा विचार होता. तो बराच काळ लांबत गेला आणि २०२० मध्ये अधिकृतपणे सोडून देण्यात आला. त्यामागे भारत आणि जपान यांची नाराजी होती, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. तिथून थोड्याच अंतरावरील मातारबारी येथे जपानच्या कर्जातून १,२०० मेगावॉटचा कोळशाचा वीजप्रकल्प उभा राहिला. त्याच्या कोळशासाठी १४.३ किलोमीटर लांबीचा, सोळा मीटर खोलीचा मार्ग खोदला गेला आणि त्याच मार्गाच्या आधारे आता व्यापारी बंदर आकार घेत आहे. पश्चिमेकडील पायरा बंदराची पायाभरणी २०१३ मध्ये झाली. तिथल्या रबनाबाद मार्गातील गाळ देशाच्या परकी चलनसाठ्यातून कर्ज काढून उपसला गेला, २०२३ मध्ये साडेदहा मीटर खोली गाठली गेली, आणि पुढे ती टिकली नाही.

या तिन्हींकडे पाहिल्यावर मला मातारबारीची निवड योग्य वाटते आणि पायराला खोल बंदर बनविण्याचा अट्टहास चुकीचा वाटतो. नदीच्या मुखाशी एकदा गाळ उपसून काम संपत नाही. तो दरवर्षी, कायमचा उपसावा लागतो आणि त्याचा खर्च बंदराच्या उत्पन्नातून निघणार नसेल तर तो करदात्यावर पडतो. मातारबारीलाही खरे यश तेव्हाच मिळेल, जेव्हा तिथून ढाक्यापर्यंत रेल्वे आणि रस्ता यांची जोड बंदराबरोबरच तयार असेल. चट्टोग्राममध्ये खोकी जहाजावरून उतरण्यापेक्षा गोदीतून बाहेर पडण्यास अधिक वेळ लागतो, या अनुभवातून हे शिकता येण्यासारखे आहे.

प्रश्न : जहाजतोडणीला नील अर्थव्यवस्थेत धरावे का? त्यात इतके प्रदूषण आणि अपघात होतात.

उत्तर : चट्टोग्रामजवळच्या सीताकुंडच्या किनाऱ्यावर भरतीच्या वेळी जुने जहाज वाळूत चढवतात आणि ओहोटी लागली की ते हाताने कापू लागतात. देशाच्या पोलाद गिरण्यांना लागणाऱ्या भंगाराचा मोठा भाग तिथून येतो आणि हजारो मजुरांची पोटे त्यावर चालतात, म्हणून हा व्यवसाय बंद करा असे म्हणणे सोपे नाही. मात्र ॲस्बेस्टॉस, टाकीतील वायू, उंचावरून पडणारे पत्रे यांनी जाणारे जीव ही त्या पोलादाची किंमत असू शकत नाही. पर्यावरण परवान्याशिवाय चालणारे तळ बंद करण्याचा आदेश तेथील उच्च न्यायालयाने २००९ मध्ये दिला होता. २६ जून २०२३ रोजी बांगलादेशाने जहाजांच्या सुरक्षित पुनर्वापराचा हाँगकाँग करार स्वीकारला. बांगलादेश आणि लायबेरिया यांच्या स्वीकृतीमुळेच त्या कराराच्या अटी पूर्ण झाल्या आणि २६ जून २०२५ पासून तो जगभर लागू झाला. काही तळांनी पक्की फरशी, क्रेन, धोकादायक कचऱ्याची साठवण अशा सुधारणा केल्या आहेत. कचऱ्याच्या अंतिम विल्हेवाटीची सामायिक सोय आणि मजुरांसाठी जवळ सुसज्ज रुग्णालय या दोन गोष्टी झाल्या नाहीत, तर कागदावरच्या प्रमाणपत्राला अर्थ उरणार नाही.

प्रश्न : बांगलादेशाने चीनकडून पाणबुड्या घेतल्या. त्या देशाचे सागरी धोरण चीनकडे झुकले आहे का?

उत्तर : २०१६ च्या अखेरीस दोन जुन्या मिंग वर्गातील पाणबुड्या बांगलादेशाला मिळाल्या, त्यांची किंमत सुमारे २०.३ कोटी डॉलर होती आणि मार्च २०१७ मध्ये ‘नवजात्रा’ आणि ‘जयजात्रा’ या नावांनी त्या नौदलात दाखल झाल्या. त्या ताब्यात आल्यानंतर लगेच भारताचे तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर ढाक्याला गेले होते, यावरून दिल्लीला वाटलेली काळजी दिसते. परंतु त्याच देशाने मातारबारी जपानकडे दिले, चट्टोग्राममधील पतेंगा येथील कंटेनर टर्मिनल सौदी कंपनीकडे दिले, २०१५ मध्ये भारताबरोबर किनारी जहाजवाहतुकीचा करार केला आणि एप्रिल २०२३ मध्ये जाहीर केलेल्या हिंद-प्रशांत दृष्टिकोनात कोणत्याही गटाचे नाव न घेता मुक्त नौकानयन आणि सागरी कायदा यांवर भर दिला. ज्याच्याकडून जे मिळेल ते घ्यावे आणि कोणाच्याही दावणीला बांधले जाऊ नये, असा हा व्यवहार आहे. सरकारे बदलली तशी त्यातील कलती बाजू बदलली. ही मूळ गरज मात्र बदललेली नाही.

मला स्वतःला पाणबुड्यांपेक्षा १९९५ मध्ये स्थापन झालेल्या तटरक्षक दलाची चिंता अधिक वाटते. परकी ट्रॉलर, मच्छीमारांना लुटणारे चाचे, माणसांची आणि अमली पदार्थांची तस्करी, वादळात हरवलेल्या नौका, तेलगळती : या रोजच्या कामांसाठी गस्ती नौका, विमाने आणि रडारांचे जाळे लागते. पाणबुडी त्यांपैकी एकही काम करीत नाही.

प्रश्न : सेंट मार्टिन बेटावर पर्यटकांना बंदी घातल्याने स्थानिकांचे नुकसान होत नाही का?

उत्तर : नुकसान होते, आणि त्याची भरपाई व्हायला हवी. हे बेट १९९९ मध्येच पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून जाहीर झाले होते. तरीही तिथे हॉटेले उभी राहिली, प्रवाळ तोडून विकले गेले आणि कासवांच्या अंडी घालण्याच्या किनाऱ्यावर दिवे लागले. २०२२ मध्ये बेटाभोवतीचे १,७४३ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी संरक्षित क्षेत्र झाले आणि २०२४ च्या अखेरीपासून दिवसाला दोन हजार पर्यटकांची मर्यादा, ठरावीक महिन्यांतच मुक्काम, असे निर्बंध आले. निर्बंध योग्य आहेत. पण बेटावरच्या कुटुंबांना पाहुणे घरी ठेवण्याचा, वाटाडे म्हणून काम करण्याचा आणि संरक्षणाच्या कामात पगारी सहभागाचा पहिला हक्क दिला नाही, तर प्रवाळ राखण्यात त्यांचे मन गुंतणार नाही.

प्रश्न : माझा मुलगा नौकानयनाचे शिक्षण घेत आहे. बांगलादेशाच्या या चर्चेत खलाशी आणि व्यापारी जहाजे यांचा उल्लेख फारसा का येत नाही?

उत्तर : आपण योग्य जागी बोट ठेवले आहे. नील अर्थव्यवस्थेचे जे अंग आज, कोणताही नवा साठा न शोधता, उत्पन्न देऊ शकते ते हेच. चट्टोग्रामची मरीन अकादमी १९६२ पासून अधिकारी घडवीत आहे आणि तिथले पदवीधर जगभरच्या जहाजांवर काम करतात. देशाच्या आयात-निर्यातीचा निम्मा माल राष्ट्रध्वजाच्या जहाजांनी नेण्याचे उद्दिष्ट ठेवणारा कायदा २०१९ मध्ये झाला आणि त्यानंतर बांगलादेशी ध्वजाखालील सागरगामी जहाजे वाढून शंभराच्या घरात पोहोचली.

मार्च २०२४ मध्ये मोझांबिकहून संयुक्त अरब अमिरातीकडे कोळसा नेणारे बांगलादेशी जहाज ‘अब्दुल्ला’ सोमाली चाच्यांनी तेवीस खलाशांसह पळविले आणि महिनाभराने, एप्रिलच्या मध्यास, सर्व जण सुखरूप सुटले. त्या दिवसांत या माणसांकडे देशाचे लक्ष गेले. एरवी त्यांच्या अडचणी बातमी होत नाहीत. शिक्षण संपल्यावर डेकवरील प्रशिक्षणार्थीला प्रमाणपत्रासाठी बारा महिने प्रत्यक्ष समुद्रावर काम करावे लागते, आणि अकादम्या वाढल्या तशा जहाजांवरील प्रशिक्षणाच्या जागा वाढल्या नाहीत, म्हणून अनेक तरुण वर्गातून उत्तीर्ण होऊन घरी बसतात. ज्यांना जागा मिळते त्यांना कित्येक देशांत जहाजावर चढण्या-उतरण्यासाठी व्हिसा मिळत नाही, आणि कंपनी तेवढ्यासाठी दुसऱ्या देशाचा माणूस निवडते. राष्ट्रध्वजाच्या प्रत्येक जहाजावर ठरावीक प्रशिक्षणार्थी घेणे बंधनकारक करणे आणि खलाशांच्या व्हिसाचा प्रश्न परराष्ट्र मंत्रालयाने प्रत्येक द्विपक्षीय बैठकीत मांडणे, ही दोन कामे सरकारला मोठ्या खर्चाशिवाय करता येतील. आपल्या मुलाने अकादमी निवडताना इमारती न पाहता गेल्या काही वर्षांत तिथल्या किती विद्यार्थ्यांना जहाज मिळाले, हा आकडा लेखी मागावा.